स्वारीच्या दिवसाचा क्रम: घोडा ठाणावरून सोडण्यापासून परत बांधेपर्यंत

घरी घोडा ठेवणाऱ्या बहुतेकांच्या लेखी स्वारी म्हणजे मांड टाकल्यापासून पायउतार होईपर्यंतचा वेळ. बिघडतं ते मात्र त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत आणि नंतरच्या एका तासात. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संपते न संपते तोच खोगीर चढतं. तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळला जातो. परत आल्यावर घामाघूम घोडा तसाच ठाणावर बांधून पुढ्यात दाणा ओतला जातो. मग पोटदुखी, पाठीवर गाठी, आखडलेले पुठ्ठे (मागचे मांसल भाग), आणि वर "हा हल्ली खोडसाळ झालाय" अशी तक्रार. घोडा खोडसाळ झालेला नसतो, क्रम चुकलेला असतो.

खालचे आकडे पूर्ण वाढ झालेल्या, निरोगी घोड्याचे आहेत. शिंगरू, गाभण घोडी, म्हातारा किंवा आजारातून उठलेला घोडा यांना हे जसंच्या तसं लावू नका.

टप्पा १: घोड्याचं वजन काढा (महिन्यातून एकदा)

चारा किती, चंदी किती, पाठीवर ओझं किती, हे सगळं वजनावर ठरतं, आणि नजरेचा अंदाज फार चुकतो. मोजपट्टी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून, पाठीवरून फिरवून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं.

उदाहरणार्थ घेर १६५, लांबी १६०. उत्तर साधारण ३६७ किलो. स्वार, खोगीर आणि सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे इथे सुमारे ७३ किलो. स्वार ७० किलोचा आणि खोगीर ८ किलोचं असेल तर हा घोडा त्या स्वारासाठी नाही. घोडा अशक्त असेल किंवा वाट चढणीची असेल तर मर्यादा आणखी खाली आणा. "माझा घोडा सहज नेतो" हे उत्तर मला मान्य नाही. घोडा नेतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

टप्पा २: वैरण आणि चंदी, घड्याळाकडे बघून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. वैरण चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल सौम्य करते. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेली चुकीची गोष्ट पुढेच सरकते किंवा तिथेच अडकते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

वैरण आधी, चंदी नंतर. दिवसभरात वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण पोटात गेलीच पाहिजे. ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. ती दोन वेळांत न देता चार-पाच वेळांत विभागा. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा ठेवा, म्हणजे पहाटे गव्हाण रिकामी आणि पोटही रिकामं असं होत नाही.

चंदी एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. ४०० किलोच्या घोड्याला एका वेळची कमाल २ किलो, आणि हलक्या कामाच्या पुष्कळ घोड्यांना तेवढीही लागत नाही. चंदी आणि स्वारी यांत दोन ते तीन तास जाऊ द्या. स्वारी सकाळी लवकर असेल तर चंदी परतल्यावरच द्या. चंदी चारायची म्हणून घोड्याला पहाटे उठवून घाई करण्यात अर्थ नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. चंदी नाही म्हणजे काहीच नाही असं समजून घोडा पूर्ण रिकाम्या पोटी नेला जातो. दुडक्या चालीत आणि धावताना पोटावर दाब येतो, जठरातलं आम्ल वरच्या नाजूक भागावर उसळतं आणि तिथे व्रण पडतात. स्वारीच्या अर्धा-पाऊण तास आधी किलोभर वैरण पुढ्यात टाका. खाताखाता खरारा (अंग घासून साफ करणं) झाला तरी हरकत नाही.

पाणी स्वारीच्या आधी तोडू नका. दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात आणि कामात त्याहून जास्त. मिठाचा खडा कायम चाटता येईल असा ठेवा.

सावधान: वैरण किंवा दाणा बदलायचा असेल तर ७ ते १० दिवस घ्या. रोज थोडा जुना कमी, थोडा नवा जास्त. चारा पचवणारे जंतू आतड्यात असतात आणि त्यांना नव्या खुराकाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. एका रात्रीत केलेला बदल म्हणजे पोटदुखीला आमंत्रण.

टप्पा ३: दोरी लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं पहा

दारातूनच पहा. घोडा चारही पायांवर सारखा उभा आहे का? मागचा एखादा पाय सैल सोडून आराम करणं नेहमीचं आहे. पुढचा पाय मात्र सारखा पुढे टाकून उभा असेल तर तो पाय दुखतोय. रात्रीची वैरण संपली का? लीद किती पडली आणि कशी? निरोगी घोडा दिवसाला साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर असतात आणि जमिनीवर पडल्यावर सहज फुटतात. लीद कमी, कोरडी आणि कठीण असेल तर आज स्वारी नाही. पाणी प्यायलाय का ते पहा आणि दुपारपर्यंत लक्ष ठेवा.

मग जवळ जा. नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे घोड्याला दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या दिशेने या. जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटं टेकवली की दोरीसारखी शीर लागते. तिथे अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. ओठ उचलून हिरडी पहा. ती गुलाबी आणि ओलसर हवी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.

तपासा: हे आकडे घोडा धडधाकट असताना आठवडाभर घेऊन तबेल्यातच लिहून ठेवा. आजारपणात पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या घोड्याचा नेहमीचा आकडा उपयोगी पडतो.

टप्पा ४: बांधणं आणि खरारा

मोरकी (तोंडात कडी नसलेला डोक्यावरचा पट्टा) घालून बांधा, लगामाने कधीही बांधू नका. घोडा बिथरून मागे रेटला तर लगामाची तोंडात बसणारी कडी तोंड फाडते. दोरीची गाठ एका ओढीत सुटणारी हवी. बांधायची जागा घोड्याच्या खांद्याच्या उंचीएवढी किंवा वर, आणि दोरी हातभर. लांब सोडली की पाय अडकतो. दोरी धरून चालताना ती हाताभोवती गुंडाळू नका. बोटं तुटतात, किंवा घोडा तुम्हाला फरपटत नेतो.

खरारा म्हणजे चमक आणणं नव्हे. खोगीर आणि तंग जिथे बसणार तिथला चिखल, वाळलेला घाम आणि चिकटलेल्या काड्या काढणं हे खरं काम. घाई असेल तर बाकीचं अंग सोडा, ते दोन भाग सोडू नका. आधी रबरी खरारा गोल गोल फिरवा, मग कडक ब्रश, मग मऊ ब्रश. हाडं वर असलेल्या जागी, म्हणजे गुडघ्याखाली आणि तोंडावर, फक्त मऊ ब्रश.

ब्रश एका हातात आणि दुसरा हात मोकळा ठेवून पाठीवरून फिरवत जा. गरम जागा, सूज, खपली किंवा स्पर्श होताच कातडी थरथरवणं हातालाच आधी कळतं. पाठीच्या दोन्ही बाजूंना तळहाताने हळू दाब द्या. घोडा पाठ खाली सोडतो, कान मागे टाकतो किंवा वळून चावायला येतो, तर पाठ दुखतेय. आज खोगीर नाही.

टप्पा ५: खूर, स्वारीच्या आधी आणि नंतर

हात खांद्यावरून खाली सरकवत आणा, पायामागची शीर हलकेच दाबा, पाय उचलेल. खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवा. तळव्यातला त्रिकोणी, रबरासारखा भाग म्हणजे पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट मोकळ्या करा, पण पुतळीत आकडा खुपसू नका. खाचेतून काळा, दुर्गंधीचा लगदा येत असेल तर पुतळी सडायला लागली आहे. ठाण ओलं राहतंय, ते आधी सुधारा, औषध नंतर.

नाल हलवून पहा. खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीबाहेर आलं असेल किंवा नाल एका बाजूला सरकली असेल तर नालबंद येईपर्यंत स्वारी बंद. खुरांची कापणी दर ६ ते ८ आठवड्यांनी व्हायला हवी, नाल असो वा नसो.

तपासा: चारही खुरांवर तळहात ठेवा. एक खूर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला, किंवा दोन्ही पुढचे खूर गरम असून घोडा भार मागे टाकून उभा असला, तर खुराच्या आत सूज असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

टप्पा ६: खोगीर आणि तंग

१. नमदा (खोगिराखालची जाड घडी) नेहमीच्या जागेच्या चार बोटं पुढे ठेवा आणि मागे सरकवत आणा. केस मागच्या दिशेने सपाट बसतात. मागून पुढे सरकवलंत तर केस उलटे दुमडतात आणि तासाभरात तिथे घासतं.

२. खोगीर अलगद ठेवा, वरून आपटू नका. पुढच्या बाजूने नमदा बोटाने वर उचलून खोगिराच्या पोकळीत सारा, नाहीतर तो मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर ताणून बसतो.

३. खोगिराचा पुढचा पोकळ भाग आणि तो उंचवटा यांत दोन ते तीन बोटं जागा हवी, आणि ती स्वार बसल्यावरही राहायला हवी. कण्याच्या रेषेवर कुठेही टेकता कामा नये. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्याही मागे गेलं तर खोगीर त्या घोड्याला लांब आहे.

४. तंग कोपराच्या चार बोटं मागे यायला हवा. पहिल्यांदा फक्त खोगीर सरकणार नाही इतकाच आवळा. खोगीर चढताना पुष्कळ घोडे छाती फुगवून धरतात. लगाम चढवून झाल्यावर एक-दोन भोकं आवळा. वीस-तीस पावलं चालवा आणि चढण्याच्या अगदी आधी पुन्हा आवळा.

५. मग पुढचा एकेक पाय गुडघ्याखालून धरून पुढे ताणा. तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते.

तंग एकदाच आणि जोर लावून आवळण्याची सवय घोड्याला तंग दिसताच चावायला शिकवते, आणि मालक त्यालाच "स्वभाव" म्हणतो.

सावधान: पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी दाब पडून केसांची मुळं दुखावली आहेत. जाड नमदा घालून हा दोष जात नाही. आधीच घट्ट असलेलं खोगीर त्याने आणखी घट्ट होतं, एक नंबर लहान बुटात जाड मोजा घातल्यासारखं.

टप्पा ७: लगाम

मोरकी सोडून मानेभोवती अडकवा, म्हणजे घोडा पूर्ण मोकळा होत नाही. कडी थंडगार असेल तर हातात धरून कोमट करा. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते. ओठाच्या कोपऱ्यातून तिथे अंगठा घातला की तोंड उघडतं. कडी दातांवर आपटून तोंड उघडवू नका. बसल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या याव्यात. नाकपट्ट्याखाली दोन बोटं जावीत, गळपट्ट्यात मूठ जावी. कपाळावरचे केस पट्ट्याखालून सोडवायला विसरू नका.

खातापिता घोडा मधेच मान झटकतो, कडी चावतो, एका बाजूला वळत नाही, असं असेल तर कडक कडी शोधण्याआधी दात दाखवा. दाढांना धारदार कडा येतात, वर्षातून एकदा तरी तपासणी लागते.

टप्पा ८: चढणं आणि पहिली पंधरा मिनिटं

शिरस्त्राण घाला, टाच असलेले बूट घाला. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडल्यावर तिथेच अडकतं. जमिनीवरून चढण्यापेक्षा दगडावर किंवा ओट्यावर उभं राहून चढा, पाठ आणि खोगीर एका बाजूला ओढले जात नाहीत. आयाळ धरा आणि खोगिरात धप्पकन बसू नका.

पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त चाल, लगाम सैल. मग दुडकी, आणि त्यानंतर दौड. पाच मिनिटांनी एकदा तंग पुन्हा तपासा, तो सैल झालेला असतोच.

टप्पा ९: वाटेत काय पाहायचं

कडक रस्त्यावर चालच ठेवा. उतारावर घोड्याला पाऊल निवडू द्या. अचानक चाल आखूड झाली, डोकं एका पावलाला वर-खाली व्हायला लागलं तर उतरा आणि खूर पहा. बहुतेक वेळा खडा असतो. खडा नसेल तर चालत घरी.

एक धोका वेगळा सांगायला हवा. दोन-तीन दिवस पूर्ण चंदी खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा कामाला काढला की निघाल्यावर थोड्याच वेळात त्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घाम सुटतो, पाऊल पुढे पडत नाही. हा आळस नाही, स्नायू मोडताहेत. तिथेच थांबा. खोगीर उतरवा, चालवत घरी नेण्याचा हट्ट करू नका, डॉक्टरांना बोलवा. लघवी तपकिरी दिसली तर तेही सांगा. यावरचा उपाय सोपा आहे: विश्रांतीच्या दिवशी चंदी अर्धी किंवा त्याहून कमी, वैरण पूर्ण, आणि थोडी मोकळी हालचाल.

टप्पा १०: परत येताना आणि थंड करताना

शेवटची दहा मिनिटं चालतच या. घर जवळ आलं की घोडा ओढ घेतो. एक-दोनदा त्याला धावू दिलंत तर पुढे तुम्ही लहान मुलाला बसवलं असतानाही तो तसाच धावेल.

दारात उतरा, तंग दोन भोकं सैल करा, थोडं चालवा, मग खोगीर काढा. आता नमद्याखालची पाठ पहा. घामाचा पट्टा दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. ओल्या पाठीत तळहाताएवढा कोरडा डाग म्हणजे तिथे इतका दाब पडला की घाम सुटलाच नाही. जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथे सूज आहे का ते पहा.

ठोके मोजा. मध्यम कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत ते ६०च्या खाली यायला हवेत. येत नसतील, नाकपुड्या फडफडत असतील, तर सावलीत आणून सगळ्या अंगावर गार पाणी ओता आणि ओतत राहा. गार पाण्याने स्नायू आखडतात ही समजूत मनातून काढून टाका. तापलेल्या घोड्याचा जीव पाण्याने वाचतो. पाणी कमी असेल तर ओता, हाताने निपटून काढा, पुन्हा ओता. ओला टॉवेल किंवा पोतं अंगावर टाकू नका, उष्णता आत कोंडते. थंड, वाऱ्याच्या दिवशी मात्र हलकं काम झालेल्या घोड्याला भिजवू नका. घाम पुसा आणि वाळेपर्यंत चालवा.

टप्पा ११: पाणी, वैरण, चंदी, याच क्रमाने

घोडा तापलेला असताना पाणी देऊ नये, असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. द्या. कामानंतर लगेच तहान असते, तेव्हा अडवलंत तर नंतर तो पुरेसं पीत नाही, आणि कोरड्या आतड्यात चारा अडकतो. साधं पाणी पुढे ठेवा, पिऊ द्या, थोडं चालवा, पुन्हा पिऊ द्या.

श्वास शांत झाला की वैरण. चंदी त्यानंतर, किमान तासाभराने, अंग पूर्ण थंड आणि कोरडं झाल्यावरच. तोपर्यंत खूर पुन्हा साफ करा, पायांवरून हात फिरवा, घामाची जागा खरारा करून मोकळी करा आणि तंग, नमदा, कडी धुऊन टाका. वाळलेल्या घामाचा तंग दुसऱ्या दिवशी कातडी सोलतो.

टप्पा १२: संध्याकाळची फेरी

झोपण्याआधी पाच मिनिटं द्या. वैरण खातोय का, पाणी कमी झालंय का, स्वारीनंतर लीद पडली का. पाय सुजलेत का ते हाताने पहा. उद्या सुट्टी असेल तर चंदीची कपात आज रात्रीपासूनच करा.

घोडा खाणं सोडून पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे पाहतोय, सारखा बसतो-उठतो किंवा लोळतोय, तर ती पोटदुखी आहे. सकाळपर्यंत थांबू नका. वैरण आणि दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या. तोंडाने तेल किंवा काढा ओतू नका, तो फुफ्फुसात जाऊ शकतो. घरात उरलेलं दुखणं थांबवणारं औषधही विचारल्याशिवाय देऊ नका, खरं लक्षण झाकलं जातं. जोरात लोळत असेल आणि तुम्हाला इजा होणार नसेल तर हळू चालवा. शांत उभा किंवा पडून असेल तर उगाच दमवू नका. फोन करण्याआधी ठोके, हिरडीचा रंग आणि शेवटची लीद कधी पडली ते लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.